अमेरिकेत गाडीचा इन्शुरन्स : राज्याने ठरवलेली किमान मर्यादा पुरते का?

फ्रिस्कोवासी

मंडळी, नमस्कार. आम्ही दोघं पुण्याहून डॅलसजवळ फ्रिस्कोला राहायला आलोय. टेक्सासचं लायसन्स हातात आलं, एक जुनी पण चांगली सिडॅन पसंत पडली, आता गाडं अडलंय इन्शुरन्सपाशी. एजंटने दोन कोटेशनं पाठवलीत. एकात ३०/६०/२५ लिहिलंय, दुसऱ्यात १००/३००/१००. ऑफिसातले दोघेतिघे म्हणतात, ३०/६०/२५ हे कायद्याने लागतं तेवढं आहे, घे आणि मोकळा हो. एजंट म्हणतो जास्तीचं घ्या. एजंट तसं म्हणणारच, म्हणून इथे विचारतो.

शिवाय त्याने एक फॉर्म पाठवलाय. त्यात अनइन्शुअर्ड मोटरिस्ट (समोरच्याकडे विमाच नसेल तर) आणि पीआयपी (चूक कोणाचीही असो, आपल्या दवाखान्याचा खर्च) अशी दोन कव्हर्स 'मला नकोत' म्हणून सही करायची सोय आहे. सही केली तर हप्ता बराच उतरतो. पुण्यात मी थर्ड पार्टी आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह एवढंच बघायचो. इथलं गणित नीट समजून घ्यायचंय. अनुभवी लोकांनी जरा विस्ताराने लिहावं ही विनंती.

आंबेमोहर

चांगला धागा. नवीन आलेल्यांना हे कोणी बसवून सांगत नाही. वाचतेय.

मेधा_एनजे

आधी आकडे बघू. तिन्ही आकडे हजार डॉलरमध्ये असतात. ३० म्हणजे तुमच्या चुकीमुळे जखमी झालेल्या एका माणसाला कंपनी जास्तीत जास्त ३०,००० देणार. ६० म्हणजे त्या एका अपघातात कितीही माणसं जखमी झाली तरी सगळ्यांना मिळून ६०,०००. आणि २५ म्हणजे समोरच्याच्या गाडीचं, कुंपणाचं, विजेच्या खांबाचं जे नुकसान होईल त्याचे २५,०००. यातला एक पैसाही तुमच्या गाडीला किंवा तुमच्या दवाखान्याला मिळत नाही. लायबिलिटी म्हणजे तुम्ही दुसऱ्याचं जे देणं लागाल ते.

आता समजा, सिग्नलला तुम्ही चुकून एका मिनिव्हॅनवर आदळलात. आत चौघं. एकाचं बिल ८०,०००, बाकी तिघांचं २०,०००, १५,००० आणि ५,०००. पहिल्याला ३०,००० मिळाले. उरलेल्या तिघांचे ४०,००० होतात, पण ६० च्या मर्यादेत आता ३०,००० च शिल्लक. एकूण बिल १,२०,०००, कंपनीने दिले ६०,०००. त्यात मिनिव्हॅन नवी कोरी ६०,००० ची असेल आणि निकालात निघाली असेल तर तिचे ३५,००० अजून बाकी. म्हणजे ९५,००० डॉलर तुमच्या अंगावर. पोटात गोळा यावा असं हे गणित आहे, आणि यात मी काहीच फार भयंकर धरलेलं नाही.

राज्याची किमान मर्यादा म्हणजे रस्त्यावर गाडी आणायची परवानगी. ती तुमच्या संसाराच्या रक्षणासाठी ठरवलेली नाही.

बंड्या_फ्रीमाँट

मेधाताई, गणित बरोबर आहे, पण सगळ्यांना तेच लागू होतं का? मी विद्यार्थी असताना बँकेत हजार-दीड हजार असायचे. घर नाही, शेअर नाहीत. माझ्यावर दावा लावून कोणाला काय मिळणार होतं? तेव्हा मी कॅलिफोर्नियाची किमान पॉलिसी घ्यायचो, १५/३०/५. ज्याच्याकडे गमावण्यासारखं काही नाही त्याने महिन्याला जास्तीचे पैसे का भरावेत? एम्.एस.च्या पोरांना एकेक डॉलर मोजावा लागतो.

मेधा_एनजे

बंड्या, विद्यार्थी कायम विद्यार्थी राहत नाही ना? कोर्टाचा निकाल विरुद्ध लागला की ते देणं वर्षानुवर्षं मागे राहतं. आज पोराकडे काही नसेल, दोन वर्षांनी नोकरी लागेल तेव्हा पगार असेल. फेडरल कायद्याप्रमाणे हातात येणाऱ्या पगारातून अशा देण्यासाठी २५ टक्क्यांपर्यंत कापून घेता येतात. पहिल्या नोकरीचा चौथा हिस्सा जाणं म्हणजे काय, ते घरून पैसे मागवणाऱ्या पोराला विचार.

आणि १५/३०/५ तुमच्याकडे १९६७ पासून होतं. ५,००० डॉलरमध्ये आज समोरच्याचा बंपर, त्यातले सेन्सर आणि हेडलाइट एवढंही धड होत नाही.

बंड्या_फ्रीमाँट

ते मान्य. आता बदललंय ते. १ जानेवारी २०२५ पासून आमच्याकडे ३०/६०/१५ झालं, २०३५ मध्ये ५०/१००/२५ होणार आहे. कायद्यातच पुढची पायरी लिहून ठेवली हे चांगलं केलं, नाहीतर पुन्हा अर्धं शतक कोणी हात लावला नसता.

ह्यूस्टनकर_काका

फ्रिस्कोवासी, टेक्सासपुरतं मी सांगतो, कारण वरच्या पगारकपातीच्या मुद्द्यात आपल्याकडे फरक आहे. टेक्सासमध्ये अपघाताच्या दाव्यातल्या निकालासाठी पगार कापता येत नाही. राहतं घरही होमस्टेड म्हणून बऱ्यापैकी सुरक्षित असतं. हे ऐकून आपली मंडळी निर्धास्त होतात. पण पगार बँकेत जमा झाला की तो पगार राहत नाही, ती खात्यातली रक्कम होते, आणि खातं गोठवता येतं. निकालाचा अंमल दहा वर्षं असतो आणि त्याचं नूतनीकरण करता येतं. अपघाताच्या निकालाचे पैसे ६० दिवसांत भरले नाहीत तर लायसन्स आणि गाडीची नोंदणी निलंबित होऊ शकते. डॅलसच्या त्या पसाऱ्यात लायसन्स गेल्यावर ऑफिसला कसा जाणार? चालत?

त्यातून उद्या नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात गेलात तर टेक्सासचं ते संरक्षण तिथे मिळेलच असं नाही. निकाल मात्र दुसऱ्या राज्यात नोंदवता येतो.

तुझ्या फॉर्मबद्दल. टेक्सासच्या कायद्याप्रमाणे कंपनीने अनइन्शुअर्ड/अंडरइन्शुअर्ड मोटरिस्ट (समोरच्याचा विमा नसेल किंवा अपुरा पडेल तेव्हाचं) आणि पीआयपी ही दोन्ही कव्हर्स तुला देऊ करावीच लागतात. नको असतील तर लेखी नकार लागतो. तो फॉर्म म्हणजे तो नकार. कायद्याने सही मागायची वेळ आणली, यावरूनच त्या कव्हरचं वजन ओळख. डोळे मिटून सही करू नकोस.

शुभा_केअरी

काकांना अनुमोदन. यूएम/यूआयएमचं, म्हणजे अनइन्शुअर्ड/अंडरइन्शुअर्ड कव्हरचं, मी अनुभवाने सांगते. आम्ही लाल सिग्नलला उभे होतो आणि मागून एक पिकअप येऊन धडकली. चूक शंभर टक्के त्याची, पोलिसांच्या रिपोर्टमध्ये स्वच्छ लिहिलेलं. नवऱ्याच्या मानेचं ऑपरेशन झालं. समोरच्याकडे त्या वेळची नॉर्थ कॅरोलायनाची किमान पॉलिसी, ३०/६०/२५. ऑपरेशनची नुसती फॅसिलिटी फी त्याच्यापलीकडे गेली. त्याच्या कंपनीने तातडीने ३०,००० चा चेक द्यायची तयारी दाखवली, भांडण काहीच नाही. पण पुढे काय? तो माणूस भाड्याच्या ट्रेलरमध्ये राहणारा, त्याच्याकडून काय वसूल करणार?

तिथे आमचं स्वतःचं अंडरइन्शुअर्ड कव्हर कामी आलं. उरलेला भाग आमच्याच कंपनीने दिला. सुरुवातीला आमच्या कंपनीच्या माणसानेही आढेवेढे घेतले. जुनं दुखणं होतं का, फिजिओथेरपी इतकी का लागली, असे प्रश्न. सगळे कागद फाइलला लावून ठेवलेले होते म्हणून निभावलं.

एक गोष्ट सगळ्यांनी लिहून ठेवा. समोरच्याच्या कंपनीचा चेक घेऊन दावा मिटल्याच्या कागदावर सही करण्याआधी आपल्या कंपनीला लेखी कळवा आणि त्यांची संमती घ्या. बऱ्याच पॉलिसींत ही अट असते. आधी सही करून बसलात तर अंडरइन्शुअर्डचा दावा हातचा जाऊ शकतो. आम्हाला हे वकिलीणबाईंनी वेळेवर सांगितलं. आणि ऑफिसचा हेल्थ इन्शुरन्स असेल तर त्यांनी भरलेलं बिल ते तुमच्या भरपाईतून परत मागू शकतात, तेही आधी विचारून घ्या.

नॉर्थ कॅरोलायनात १ जुलै २०२५ पासून नव्या आणि नूतनीकरण झालेल्या पॉलिसींना ५०/१००/५० लागू झालंय. आमच्या वेळी असतं तर बरं झालं असतं.

आंबेमोहर

शुभाताई, भाऊजी आता बरे आहेत ना?

शुभा_केअरी

हो गं, आता पोहतात सुद्धा. थंडीत मान आखडते तेवढीच.

आडवाटेचा_प्रवासी

म्हणजे मेधाताईंचा मुद्दा उलट बाजूनेही खरा आहे. आपण किमान मर्यादेवर गाडी चालवतो तसे समोरचेही चालवतात. लायबिलिटी कितीही घ्या, ती दुसऱ्यासाठी. स्वतःच्या कुटुंबासाठी यूएम/यूआयएम. लोक पहिली वाढवतात आणि दुसरी किमानच ठेवतात, मला हे कधीच पटलेलं नाही. अनोळखी माणसासाठी तीन लाख आणि शेजारी बसलेल्या बायकोसाठी साठ हजार?

मेधा_एनजे

अगदी! हे वाक्य एजंटच्या ऑफिसात टांगायला हवं.

रुग्णसेविका

मी ट्रॉमा युनिटमध्ये काम करते. पेशंटचे नातेवाईक पहिल्या दिवशी 'वाचेल ना?' विचारतात, चौथ्या-पाचव्या दिवशी हळूच बिलाचं विचारतात. हेलिकॉप्टरने आणलेला पेशंट असेल तर नुसत्या त्या उड्डाणाचं बिलच लोकांचे डोळे पांढरे करतं. त्यापुढे आयसीयू, मांडीच्या हाडात रॉड, मग महिनोन् महिने रिहॅब. ३०,००० हा आकडा मी तरी कुठल्याच मोठ्या जखमेला पुरलेला बघितलेला नाही. आणि हे फक्त वैद्यकीय. बुडालेला पगार, वेदनांची भरपाई हे सगळं त्याच ३०,००० मध्ये बसवायचं असतं.

म्हणून विद्यार्थ्यांनाही मी हेच सांगेन. पैसे वाचवायचे तर कोलिजनचं (टक्कर झाली तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर) डिडक्टिबल, म्हणजे आधी आपल्या खिशातून भरायची रक्कम, वाढवा, जुन्या गाडीवर कोलिजन काढूनच टाका. ३,००० ची गाडी गेली तर वाईट वाटेल, आयुष्य मोडणार नाही.

बंड्या_फ्रीमाँट

रुग्णसेविकाताई, हे मला पटलं. कोलिजन काढून लायबिलिटी वाढवायची, असा विचार मी केलाच नव्हता. भाच्याला ही लिंक पाठवतोय, तो ऑगस्टमध्ये येतोय.

निवृत्त_विमावाला

नाशिकहून लिहितोय. माझी नोकरी मोटर क्लेम्समध्येच गेली. फ्रिस्कोवासी यांनी थर्ड पार्टीचा उल्लेख केला म्हणून फरक सांगतो.

आपल्याकडे मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ नुसार थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, आणि मृत्यू किंवा शारीरिक इजा झाली तर विमा कंपनीच्या जबाबदारीला कमाल मर्यादा नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जी भरपाई ठरवेल ती. मर्यादा आहे ती मालमत्तेच्या नुकसानीला, साडेसात लाखांची. त्यामुळे आपल्या गाडीवाल्याला 'माझी लिमिट किती' हा प्रश्न कधी पडतच नाही. तुमच्याकडे नेमका तोच प्रश्न सगळ्यात मोठा. पुण्याची सवय घेऊन गेलेला माणूस 'सक्तीचा विमा घेतला, आता काळजी मिटली' असं समजतो आणि तिथेच फसतो. तिथली सक्ती ही फार खालच्या रेषेवर थांबते.

आपल्याकडच्या पद्धतीतही त्रुटी आहेत, निकालाला वर्षं लागतात. पण गरीब पादचाऱ्याला गाडीवाल्याच्या पॉलिसीत किती आकडा लिहिलाय यावर अवलंबून राहावं लागत नाही, हे तत्त्व मला मोलाचं वाटतं.

फ्रिस्कोवासी

विमावाले काका, तुम्ही अगदी वर्मावर बोट ठेवलंत. मी हाच विचार करत होतो, की सक्तीचं आहे ते पुरेसं असणारच. बाकी सगळ्यांचे आभार. एक शंका : 'नो-फॉल्ट' राज्य म्हणजे काय? टेक्सास त्यात येतं का?

मेधा_एनजे

टेक्सास येत नाही. न्यू जर्सी येतं. नो-फॉल्ट म्हणजे चूक कोणाचीच नाही असं नव्हे. चूक कोणाचीही असो, तुमच्या दवाखान्याचा खर्च आधी तुमचीच कंपनी देते. त्या कव्हरलाच पीआयपी म्हणतात. बदल्यात समोरच्यावर दावा लावायच्या हक्काला कात्री लागते. आमच्याकडे पॉलिसी घेतानाच विचारतात, दाव्याचा हक्क मर्यादित हवा की अमर्याद. मर्यादित निवडलं तर हप्ता खूप कमी, पण मग वेदनांच्या भरपाईसाठी दावा लावायचा तर इजा कायमची असावी लागते, किंवा हाड जागचं सरकून मोडलेलं, चेहरा विद्रूप झालेला, असं काही.

न्यू जर्सीची स्टँडर्ड पॉलिसीची किमान मर्यादा १ जानेवारी २०२६ पासून ३५/७०/२५ झाली आहे. पण आमच्याकडे 'बेसिक' नावाची आणखी एक स्वस्त पॉलिसी मिळते, आणि तिच्यात दुसऱ्याच्या शारीरिक इजेचं कव्हर मुळातच नसतं, मागितलं तर १०,००० चं मिळतं. कायदेशीर आहे, म्हणून घेणारे घेतात. एडिसनमध्ये नवीन आलेल्यांना मी हात जोडून सांगते, तिच्या वाटेला जाऊ नका.

दत्तू_डेट्रॉइट

नो-फॉल्टचा विषय निघाला आणि मिशिगनचा माणूस गप्प बसला असं होणार नाही 🙂

आमच्याकडे १९७३ पासून नो-फॉल्ट. पूर्वी सगळ्यांना अमर्याद वैद्यकीय कव्हर सक्तीचं होतं, त्यामुळे हप्ते देशात सगळ्यात महागांत गणले जायचे. जुलै २०२० पासून पर्याय दिले : अमर्याद, पाच लाख, अडीच लाख, काही अटींवर त्याहून कमी. लायबिलिटी काही न निवडता सोडलंत तर २५०/५०० लागते. फॉर्म भरून ती ५०/१०० पर्यंत खाली आणता येते.

माझं मत : अमर्याद वैद्यकीय कव्हर परवडत असेल तर सोडू नका. मेंदूला मार बसलेल्या माणसाला आयुष्यभर सोबतीला माणूस लागतो, आणि ऑफिसचा हेल्थ इन्शुरन्स ती सोबत पुरवत नाही. शिवाय नोकरी गेली की तो इन्शुरन्सही जातो. एच-१बीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

सदाशिव_पेठी

प्रत्येक राज्याचं वेगळं? मग न्यू यॉर्कहून फ्लोरिडाला गाडीने जाणाऱ्याने काय करायचं, दर सीमेवर नवी पॉलिसी घ्यायची? टोलनाक्यावर काढून मिळते का? 😄

ह्यूस्टनकर_काका

पेठीबुवा, तशी गरज नाही. बहुतेक पॉलिसींत अशी तरतूद असते की तुम्ही जास्त मर्यादा असलेल्या राज्यात गेलात तर तिथल्या किमान मर्यादेपर्यंत तुमचं कव्हर आपोआप वर चढतं. पण कायमचे राहायला गेलात तर नव्या राज्याची पॉलिसी घ्यावीच लागते.

फ्लोरिडाचं मात्र ध्यानात ठेवा. तिथे सामान्य गाडीवाल्याला दुसऱ्याच्या शारीरिक इजेचं कव्हर सक्तीचं नाहीच. १०,००० पीआयपी आणि १०,००० मालमत्तेचं नुकसान, संपलं. ऑरलँडोला मुलांना घेऊन जाता ना सगळे? तुमच्या यूएमचा खरा उपयोग तिथे आहे. आणि फ्लोरिडात राहणाऱ्यांनी अपघातानंतर १४ दिवसांच्या आत डॉक्टरला दाखवलंच पाहिजे, नाहीतर पीआयपीचा पैसा मिळत नाही. आपली माणसं 'बघू, आयोडेक्स लावू, उद्यापर्यंत बरं वाटेल' करत बसतात.

आडवाटेचा_प्रवासी

न्यू हॅम्पशायरमध्ये तर गाडीचा विमा सक्तीचाच नाही. व्हर्जिनियात २०२४ च्या मध्यापर्यंत ५०० डॉलर फी भरून विम्याशिवाय गाडी चालवता यायची. १ जुलै २०२४ पासून ते बंद केलं. आणि याच देशात मॅसॅच्युसेट्सने १९२७ पासून विमा सक्तीचा केलाय. शेजारशेजारची राज्यं, पण इतकी तऱ्हा.

शुभा_केअरी

राज्यांच्या फरकावरून आणखी एक, कारण आम्ही न्यू जर्सीहून इकडे आलो तेव्हा हे कोणीच बोललं नव्हतं. नॉर्थ कॅरोलायनात तुमची थोडीशी जरी चूक निघाली, अगदी एक टक्का म्हणा, तरी समोरच्याकडून मिळणारी भरपाई शून्य होऊ शकते. व्हर्जिनिया, मेरिलँड आणि अलाबामातही तेच. टेक्सासमध्ये तुमची चूक ५० टक्क्यांपर्यंत असली तरी त्या प्रमाणात कापून मिळतं. म्हणून अपघाताच्या जागी घाबरून 'सॉरी, सॉरी' म्हणत सुटू नका. माणुसकीने विचारपूस करा, लागलंय का बघा, अँब्युलन्स बोलवा, पण चूक कोणाची याचा निवाडा रस्त्यावर करू नका. फोटो काढा. गाड्या हलवण्याआधी शक्य असेल तर चारी बाजूंनी.

वाळवीचा_वाडा

वेगळा सूर लावतो. जितकी मोठी मर्यादा, तितके वकील मागे लागतात असं मी ऐकत आलोय. ३०/६० वाल्याला दोन पत्रं पाठवून सोडतात, २५०/५०० दिसली की तेच दुखणं मोठं होतं. टीव्ही लावा, बिलबोर्ड बघा, सगळे अपघाताचे वकील. मोठी पॉलिसी म्हणजे आपणच निमंत्रण दिल्यासारखं नाही का?

मेधा_एनजे

मला हे पटत नाही. खरोखर मोठी इजा झाली असेल तर वकील तुमची पॉलिसी बघून घरी जात नाही, तो तुमचं घर, बचत सगळं तपासतो. मोठी इजा नसेल तर मोठ्या मर्यादेचाच फायदा, कारण भांडायला कंपनी असते.

ह्यूस्टनकर_काका

वाळवीबुवा, लोक एक गोष्ट विसरतात. लायबिलिटी पॉलिसीत नुसते पैसे नसतात, वकीलही असतो. तुमच्यावर दावा झाला तर कंपनीने वकील देऊन तुमचा बचाव करायचा असतो, आणि गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत तो खर्च सहसा तुमच्या मर्यादेतून वजा होत नाही.

टेक्सासमध्ये तर १९२९ च्या स्टॉवर्स खटल्यापासून असं तत्त्व आहे की समोरच्याने तुमच्या मर्यादेच्या आत बसणारी वाजवी तडजोड देऊ केली आणि कंपनीने ती उगाच नाकारली, तर पुढे मर्यादेबाहेर गेलेल्या निकालाचा भार कंपनीवर येऊ शकतो. आता विचार करा, दुखणं दीड लाखाचं आहे. तुमची मर्यादा ३०,००० असेल तर समोरचा तेवढ्यात का मिटवेल? तीन लाखांची असेल तर मर्यादेच्या आत मिटायला वाव आहे. मोठी मर्यादा निमंत्रण देत नाही, ती प्रकरण तुमच्या दारापर्यंत येण्याआधी मिटवायला जागा देते.

वाळवीचा_वाडा

काका, हा तडजोडीचा मुद्दा मला माहीत नव्हता. विचार करण्यासारखा आहे. तरी बिलबोर्डांचा वैताग कायम!

चिंगी

लाल गाडीला हप्ता जास्त पडतो हे खरं का? आम्हाला लालच घ्यायची आहे.

दत्तू_डेट्रॉइट

नाही हो चिंगीताई. कोटेशन काढताना रंग विचारतच नाहीत. पिन कोड, वय, चालवण्याचा इतिहास, गाडीचं मॉडेल हे बघतात. बऱ्याच राज्यांत क्रेडिट हिस्ट्रीही. कॅलिफोर्निया, हवाई आणि मॅसॅच्युसेट्समध्ये मात्र क्रेडिटवरून दर लावायला बंदी आहे. नवीन आलेल्याची क्रेडिट हिस्ट्री कोरी असते, म्हणून पहिलं वर्ष महाग जातं. सहा महिन्यांनी पुन्हा चार ठिकाणी कोटेशनं मागवायची. लाल घ्या बिनधास्त.

आंबेमोहर

माझे सासू-सासरे पुढच्या महिन्यात सहा महिन्यांसाठी येताहेत. सासरे इंटरनॅशनल परमिट काढून आणणार आहेत, त्यांना गाडी चालवायची हौस आहे. आमच्या पॉलिसीवर चालेल का?

मेधा_एनजे

एखाद्या दिवशी तुमच्या परवानगीने पाहुण्याने चालवली तर बहुतेक पॉलिसींत चालतं. पण सहा महिने त्याच घरात राहणारा आणि नियमित चालवणारा माणूस कंपनीच्या लेखी घरातलाच चालक. त्याचं नाव कळवलं नाही तर क्लेमच्या वेळी वाद होतो. आधी फोन करा, नाव घाला, हप्ता वाढला तर वाढू दे. आणि पॉलिसीवर कोणाचं नाव 'वगळलेला चालक' म्हणून घातलं असेल तर त्याच्या हाती किल्ली सुद्धा देऊ नका.

सासऱ्यांनी भाड्याने गाडी घेतली तर आणखी जपून. त्यांची इथली स्वतःची पॉलिसी नाही, आणि क्रेडिट कार्डवरचं कव्हर भाड्याच्या गाडीच्या नुकसानीपुरतं असतं, लायबिलिटीचं नसतं. काउंटरवर जास्तीची लायबिलिटी विकतात ती त्यांच्यासाठी घ्याच.

फ्रिस्कोवासी

मंडळी, एजंटकडून नवीन डेक पेज (पॉलिसीतली कव्हर्स आणि मर्यादा लिहिलेलं पान) मागवलं. आता पानावर असं दिसतंय : शारीरिक इजा १००/३००, मालमत्ता १००, अनइन्शुअर्ड/अंडरइन्शुअर्ड १००/३००/१००, पीआयपी १०,०००, कॉम्प्रिहेन्सिव्ह डिडक्टिबल ५००, कोलिजन डिडक्टिबल १,०००. किमान पॉलिसीपेक्षा हप्ता वाढला, पण लायबिलिटीच्या ओळीतली वाढ मला वाटली होती त्यापेक्षा खूपच कमी. जास्त पैसे कोलिजनचेच होते, म्हणून तिथलं डिडक्टिबल वर नेलं. नकाराच्या फॉर्मवर सही केलेली नाही.

काही राहिलंय का?

ह्यूस्टनकर_काका

उत्तम. कॉम्प्रिहेन्सिव्ह काढू नकोस. डॅलसकडे वसंतात गारा पडतात त्या लिंबाएवढ्या, आणि गारांचं नुकसान कॉम्प्रिहेन्सिव्हमध्येच येतं, कोलिजनमध्ये नाही. हरीण आडवं आलं, झाड पडलं, गाडी चोरीला गेली, तेही तिथेच.

पुढे घर घेतलंत, बचत वाढली की अम्ब्रेला पॉलिसीचा विचार करा. दहा लाखांचं जादा कव्हर गाडी आणि घर दोन्हींच्या वर छत्रीसारखं बसतं. त्यासाठी गाडीची मर्यादा आधी २५०/५०० करा असं बहुतेक कंपन्या सांगतात. अम्ब्रेलात यूएम येतं का ते मुद्दाम विचारा, अनेकांत येत नाही.

रुग्णसेविका

आणि फूड डिलिव्हरी किंवा टॅक्सी ॲपचं काम करणार असाल तर आधी सांगा. साध्या पॉलिसीत ते काम वगळलेलं असतं. ॲप चालू करून भाड्याची वाट बघत थांबलेल्या वेळात ॲपवाल्या कंपनीचं मोठं कव्हर लागू नसतं. त्यासाठी वेगळी जोड मिळते.

चिंगी

आम्ही लाल गाडी घेऊन बफेलोहून नायगाराच्या कॅनडाच्या बाजूला जाणार आहोत. पॉलिसी तिथे चालते का?

शुभा_केअरी

चालते. अमेरिकेतल्या नेहमीच्या पॉलिसी कॅनडात लागू असतात. तिथे ऑन्टारियोत किमान लायबिलिटीच दोन लाख डॉलरची आहे. निघण्याआधी एजंटकडून 'कॅनडा नॉन-रेसिडेंट' इन्शुरन्स कार्ड मागवून घ्या आणि गाडीत ठेवा, तिकडच्या पोलिसांना दाखवायला बरं पडतं. मेक्सिकोला मात्र ही पॉलिसी चालत नाही, तिथे मेक्सिकन कंपनीचीच घ्यावी लागते. व्हिसाची कागदपत्रं बरोबर ठेवायला विसरू नका.